दुष्काळाचा निकाल ऑक्टोबरमध्ये का लागतो?

मराठवाड्यात टँकरच्या फेऱ्या वाढतात त्या फेब्रुवारी-मार्चपासून आणि विहिरींचे तळ दिसू लागतात ते एप्रिलमध्ये; पण एखादा तालुका दुष्काळी आहे की नाही, याचा निकाल कागदावर त्याच्या कित्येक महिने आधी, ऑक्टोबरच्या अखेरीस लागतो. परतीचा पाऊस आटोपत आलेला असतो, खरिपाची काढणी सुरू असते आणि रब्बीची पेरणी अर्धवट असते, अशा वेळी पुढच्या उन्हाळ्याचे भवितव्य ठरवण्याची ही पद्धत समजून घ्यायची, तर तिची मुळे ब्रिटिश अमदानीतील महसुली कारभारात शोधावी लागतात.

१८७६ ते १८७८ या काळातील भीषण दुष्काळाने दख्खनची दैना केली, त्यानंतर सरकारने दुष्काळ आयोग नेमला आणि १८८० च्या त्याच्या अहवालावरून पुढे प्रांतोप्रांतीच्या दुष्काळ संहिता तयार झाल्या. या संहितांतील कसोटी आज वाचताना अंगावर काटा येतो. पिके बुडाल्याचा संशय आला की सरकारने खडी फोडण्यासारखी चाचणी कामे काढायची, आणि अत्यल्प मजुरीवरही लोक तेथे गर्दी करू लागले, तर दुष्काळ खरा मानायचा. याच्या जोडीला पिकाचे मोजमाप आण्यांत करण्याची रीत होती. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक, आणि त्यावरून गावाची आणेवारी. १९५७ मध्ये दशमान नाणी आल्यावर कागदोपत्री ती पैसेवारी झाली, ५० पैशांची रेषा टंचाईची खूण ठरली; गावात मात्र आजही 'आणेवारी किती लागली?' असेच विचारले जाते. सप्टेंबरअखेर नजरअंदाज पैसेवारी, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरमध्ये अंतिम, असे तिचे टप्पे खरिपाच्या चक्राला बांधलेले आहेत.

स्वातंत्र्यानंतर शब्दांचा एक विलक्षण प्रवास घडला. महाराष्ट्राने १९६३ मध्ये स्वतंत्र अधिनियम करून राज्यातील कायद्यांमधून 'फेमिन' हा शब्दच काढून टाकला आणि त्याच्या जागी टंचाई आणली. भूकबळींची आठवण जागवणारा शब्द नव्या राज्याला नको होता, हे समजण्यासारखे आहे. पण शब्द गेल्याने पाऊस वेळेवर येऊ लागला नाही. १९७०च्या दशकाच्या आरंभी सलग वर्षे पाऊस रुसला आणि १९७२-७३ मध्ये लक्षावधी माणसे खडी फोडण्याच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर आली. सुकडी हा पौष्टिक कोरडा खाऊ आणि परदेशातून आलेले मिलो हे ज्वारीसारखे धान्य या गोष्टी त्या पिढीच्या बोलण्यात आजही येतात. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकाराला आलेली रोजगार हमी योजना या काळात विस्तारली आणि १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप मिळाले. मजुरांची गर्दी पाहून दुष्काळ ओळखण्याची जुनी कसोटी त्यामुळे उलटी झाली. काम मागणे हा आता नागरिकाचा हक्क होता.

शब्दाचा प्रश्न २०१५च्या कोरड्या पावसाळ्यानंतर पुन्हा उभा राहिला. त्या वर्षी शासन निर्णयांत 'दुष्काळसदृश परिस्थिती' असा जपून केलेला प्रयोग होता, एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले तरी तो तसाच राहिला. मे २०१६ मध्ये राज्य सरकारने सुमारे २९ हजार गावांपुरता तो बदलून 'दुष्काळ' असा वाचावा, असे जाहीर केले. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वराज अभियानाच्या याचिकेवर निकाल देताना केंद्राला दुष्काळ व्यवस्थापन संहिता सुधारण्यास सांगितले, आणि वर्षअखेर नवी संहिता आली. महाराष्ट्राने ती ऑक्टोबर २०१७ मध्ये स्वीकारली.

या संहितेने निकालाचे केंद्र तलाठ्याच्या नजरेतून आकडेवारीकडे नेले. पावसातील तूट किंवा तीन-चार आठवड्यांचा खंड ही पहिली कळ. ती दाबली गेली तरच पेरणीक्षेत्र, उपग्रहाने टिपलेली वनस्पतींची स्थिती, मातीतील ओल आणि जलाशय व भूजल यांचे निर्देशांक तपासले जातात, मग निवडक दहा टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणी होते. खरिपासाठी घोषणेची मुदत ३० ऑक्टोबर ठेवण्यात आली. पद्धत अधिक काटेकोर झाली यात शंका नाही. परंतु गंभीर आणि मध्यम अशा वर्गवारीत केंद्राच्या मदतीचा दावा प्रामुख्याने गंभीर वर्गालाच मिळत असल्याने एखाद्या निर्देशांकातील थोडा फरकही तालुक्याला महाग पडतो.

त्याचे प्रत्यंतर दोनदा आले. २०१८ मध्ये २३ ऑक्टोबरला १८० तालुक्यांत दुष्काळसदृश स्थिती जाहीर झाली आणि आठ दिवसांत, ३१ ऑक्टोबरला, १५१ तालुक्यांवर दुष्काळाचे शिक्कामोर्तब झाले. त्यांतील ११२ गंभीर, ३९ मध्यम. २०२३ मध्ये, एल निनोच्या वर्षात, देशातला ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला, तरी ३१ ऑक्टोबरला केवळ ४० तालुके यादीत आले. ओरड झाल्यावर दहाच दिवसांत १,०२१ महसुली मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर करावी लागली, म्हणजे मोजणी तालुक्यावरून मंडळावर आली आणि जुना शब्दही परत आला.

पाण्याचा हिशेबही याच महिन्यात होतो. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशानुसार, १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांतून खाली पाणी सोडण्याचा प्रश्न येतो. २०१५ मध्ये १२.८४, २०१८ मध्ये ८.९९ आणि २०२३ मध्ये ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाण्याचे आदेश निघाले, आणि प्रत्येक वेळी वरच्या व खालच्या जिल्ह्यांत वाद पेटला.

रब्बीचा पट्टा मात्र या वेळापत्रकात नीट बसत नाही. सोलापूरकडच्या काळ्या जमिनीत ज्वारीची पेरणी उत्तरा-हस्ताच्या ओलीवर होते आणि तिचे पीक हाती येते ते फेब्रुवारीनंतर. अशा रब्बी गावांची अंतिम पैसेवारी मार्चमध्ये लागते, तोवर ऑक्टोबरची यादी निघून चार महिने झालेले असतात आणि कडब्याचे भाव चढलेले असतात.