केनायचा काठ: मासे, पिल्लं आणि बूट

अलास्कातली केनाय नदी जेमतेम १३२ किलोमीटरची. १९८५ साली इथे ४४ किलोंचा चिनूक जातीचा सामन (सॅल्मन) मासा गळाला लागला. गळाने धरलेल्या चिनूकचा तो विक्रम अजून मोडलेला नाही, त्यामुळे हौशी मासेमारांची रीघ लागणारच.

पण इथे गळापेक्षा बुटांनी जास्त नुकसान केलं. जुलैत सॉकाय सामन समुद्रातून वर चढतो तो काठाला लगटून, कारण तिथे पाण्याला ओढ कमी. म्हणून माणसंही काठावरच खांद्याला खांदा लावून उभी राहतात. नेमकी तिथेच चिनूकची बोटुकली असते. समुद्रात जाण्याआधी ही पिल्लं साधारण वर्षभर नदीत काढतात. मधली धार त्यांना झेपत नाही, त्यामुळे ती काठालगतच्या एक-दोन मीटरांत, लोंबत्या गवताच्या आणि मुळांच्या आडोशाला राहतात. वरून पडणारे किडे हे आयतं खाणं. गवत तुडवलं गेलं की मुळं मरतात आणि काठ ढासळतो; मोटरबोटींच्या लाटा उरलंसुरलं धुऊन नेतात. दगड रचून काठ बांधला तर माती थांबते, पण पाणी सुसाट वाहतं आणि पिल्लांचा आसरा जातो.

म्हणून तिथे तोडलेली स्प्रूसची झाडं फांद्यांसकट तारेने काठाला बांधतात. फांद्यांत पाणी मंदावतं, गाळ बसतो. काही ठिकाणी काथ्याचे लांब लोड टाकून मागे वाळुंजाच्या फांद्या रोवतात. (अलास्कात नारळाचा काथ्या! पण तो काही वर्षांनी कुजतो आणि तोवर मुळांनी माती धरलेली असते, हाच त्याचा गुण.) या कामांना १९८९ साली अलास्कात एक्सॉन वाल्डीझ या तेलवाहू जहाजातून झालेल्या तेलगळतीच्या भरपाईतूनही पैसा मिळाला.

मला सगळ्यात आवडली ती पायवाट. सलग फळ्यांखाली अंधार पडून गवत मरतं, म्हणून जमिनीपासून उचललेली धातूची जाळी टाकतात. ऊन खाली पोचतं, गवत जाळीतून वर डोकावतं आणि पायऱ्या माणसाला काठ न तुडवता थेट पाण्यात उतरवतात. अगदीच नाजूक पट्टे कुंपण घालून बंद ठेवतात.

एवढं करूनही चिनूकची संख्या सावरलेली नाही. त्याची बरीचशी कारणं समुद्रात असावीत, असं मानलं जातं. काठ दुरुस्त करून समुद्र दुरुस्त होत नाही. २०२३ आणि २०२४ साली केनायवर चिनूक धरायला बंदी होती. सॉकायसाठी मात्र गर्दी लोटतेच, आणि काठ सांभाळायचा तो तिच्यासकटच.