फोन वीतभर की हातभर?

चष्म्याच्या दुकानात हल्ली एक प्रश्न ठरलेला असतो, "ब्लू कट देऊ का?" नाशकात कॉलेज रोडला जा नाहीतर नाशिकरोडला, जास्तीचे पैसे मोजून ही काच घेणारे भेटतातच. फोनचा निळा प्रकाश डोळे खराब करतो, ही भीती त्यामागे असते. पण उघड्या आभाळातून दिवसभर येणाऱ्या निळ्या प्रकाशापुढे स्क्रीनचा प्रकाश अगदीच फिका आहे आणि त्याने डोळ्याच्या पडद्याला इजा होते असा पुरावा मिळालेला नाही. २०२३ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळून पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अभ्यासकांनी अशा काचांवरच्या १७ चाचण्या एकत्र तपासल्या. साध्या काचेपेक्षा या काचेने डोळ्यांचा शीण कमी होतो, असं त्यात आढळलं नाही. रात्रीच्या फोनने झोप यायला उशीर होतो हे खरं, पण त्यावर उपाय फोन लवकर ठेवून देण्याचा.

डोळ्यांना भोवतो तो फोनचा जवळपणा. भिंगाभोवती एक गोल स्नायू असतो. सहा मीटरपलीकडचं पाहताना तो जवळजवळ सैल असतो. वस्तू जवळ आली की तो आवळतो, भिंग फुगतं आणि प्रतिमा पडद्यावर नेमकी पडते. त्यासाठी लागणारा जोर डायऑप्टरमध्ये मोजतात आणि हिशेब सोपा आहे: एक मीटरला अंतराने भागायचं. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा एक हात म्हणजे साधारण ४५ सेंटीमीटर. तिथे जोर लागतो सव्वादोन डायऑप्टर. वीतभर अंतरावर, म्हणजे २२ सेंटीमीटरवर, तोच साडेचार होतो. आत्ता हे वाचताना फोन जसा धरलाय तसाच ठेवा आणि दुसऱ्या हाताने वीत लावून बघा. झोपून वाचत असाल तर बहुतेक एका वितीतच अंतर संपेल.

अक्षरं बारीक म्हणून फोन जवळ ओढला जातो, तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं मोठी करणं हा फुकटचा आणि सगळ्यात चांगला उपाय. चाळिशीनंतर भिंग ताठर होतं आणि माणूस आपोआप फोन लांब धरतो. लहान मुलांचं उलट असतं. त्यांचं भिंग इतकं लवचीक असतं की नाकाला टेकवलेला फोनही बराच वेळ चालतो. त्यामुळे मूल तक्रार करत नाही आणि आपल्याला वाटतं, सगळं ठीक आहे.

दुसरी गोष्ट पापण्यांची. एरवी आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी मिटतो. स्क्रीनकडे टक लावली की हा आकडा पाच-सातपर्यंत उतरतो, आणि त्यातल्याही काही पापण्या अर्ध्यातच थांबतात. अश्रूंच्या थरावर पापण्यांच्या कडांतून येणाऱ्या तेलाचा पातळ पापुद्रा असतो, तो पूर्ण पापणी मिटल्यावरच नीट पसरतो. तो फाटला की पाणी उडून जातं आणि डोळा चुरचुरतो. थंडीतल्या नाशिकच्या कोरड्या हवेत हे लवकर होतं. मग डोळ्यांतून पाणी वाहू लागतं. डोळे इतके गळताना ते कोरडे आहेत हे पटत नाही, पण ते पाणी कोरडेपणावरचीच प्रतिक्रिया असतं. अशा वेळी मध, गुलाबपाणी असलं काही घालू नका. मेडिकलमधून परस्पर आणलेले थेंब तर मुळीच नकोत. त्यात स्टेरॉइड असेल तर लाली झटकन उतरते म्हणून बरं वाटतं, पण महिनोन्महिने वापरल्यास डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. त्यापेक्षा दर वीस मिनिटांनी वीस सेकंद मान वर करा आणि वीस फुटांपलीकडे बघा. गच्चीवर असाल तर पांडवलेण्यांचा डोंगर, घरात असाल तर समोरच्या इमारतीची टाकी. तेवढ्यात चार-पाच वेळा पापण्या पूर्ण मिटा.

मला खरी काळजी वाटते ती मुलांची. मायनस नंबर म्हणजे बहुतेक वेळा डोळ्याचा गोळा मागच्या बाजूला लांबलेला असतो. मोठ्या माणसाचा डोळा सुमारे २४ मिलिमीटर लांब असतो. त्यात एक मिलिमीटर वाढला की अडीच-तीन नंबर येतो, आणि लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही. ही वाढ आवरायला मोकळा उजेड मदत करतो. ट्यूबलाइटखालच्या खोलीत शे-दोनशे ते पाचशे लक्स (उजेड मोजायचं एकक) प्रकाश असतो, भर उन्हात लाखभर. झाडाच्या सावलीतही तो खोलीच्या कित्येक पट भरतो. अशा उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामाइन नावाचं रसायन अधिक स्रवतं आणि ते डोळ्याच्या लांबण्याला लगाम घालतं, असं शास्त्रज्ञ मानतात.

चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेतच रोज ४० मिनिटं जास्तीचा बाहेरचा वेळ दिला. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना मायनस नंबर लागला होता, नेहमीच्या वेळापत्रकातल्या मुलांमध्ये ३९.५ टक्के. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे शाळा सुटली की क्लास, क्लास सुटला की अंधार. गोल्फ क्लब मैदान, गोदापार्क, कृषीनगरचा ट्रॅक, सोसायटीचं पार्किंगसुद्धा चालेल, पण उजेड असेपर्यंत मूल बाहेर असायला हवं. त्यासाठी एखादा क्लास सोडावा लागला तर खुशाल सोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि दोन वर्षांच्या आतल्या बाळाला जेवताना फोन दाखवणं बंदच करा. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचाही हाच सल्ला आहे. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना फार तर दिवसाला एक तास.

मूल डोळे बारीक करून टीव्ही बघत असेल, फळ्यावरचं शेजारच्याच्या वहीतून उतरवत असेल तर थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. आवळलेल्या स्नायूमुळे मशीनवर खोटा नंबर येऊ शकतो, म्हणून थेंब टाकून तो सैल करतात आणि मग मोजतात. नंबर निघालाच तर चष्मा पूर्ण नंबरचा घ्या. कमी नंबरचा दिल्याने वाढ थांबत नाही. थेंबांनंतर काही तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत, उजेड सहन होत नाही आणि जवळचं धूसर दिसतं. त्यामुळे तपासणी परीक्षेच्या आदल्या दिवशी ठेवू नका, आणि जाताना कडा असलेली टोपी बरोबर घ्या.