जोंधळ्याची मावा-प्रतिकारशक्ती

शाळवावर (रब्बी ज्वारीवर) मावा ही रस शोषणारी बारीक कीड बसली तरी जे वाण दम धरतं, त्याच्या अंगच्या गुणाला मावा-प्रतिकारशक्ती म्हणतात. कोल्हापूर म्हणजे ऊस असं सगळे धरून चालतात, पण शिरोळ, हातकणंगले भागात अजून शाळू होतो, आणि तो भाकरीइतकाच कडब्यासाठी पण करतात कारण दावणीला म्हशी आहेत.

मावा पानाच्या खालच्या बाजूला बसून रस शोषतो आणि गोड चिकट पाणी सोडतो, म्हणून आपल्याकडं सरळ 'चिकटा पडला' म्हणतात. त्यावर काळी बुरशी चढते, पान काळं पडतं, दाणा बारीक राहतो आणि असली वैरण जनावर नीट खात नाही. मादीला नर लागतच नाही, ती थेट जिवंत पिल्लं घालते, त्यामुळं चार दिवस आभाळ धरलं की बघता बघता पान भरून जातं.

आता 'प्रतिकारक' म्हटलं की लोकांना वाटतं मावा दिसणारच नाही. तसं नसतंय. पेंटर नावाच्या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञानं १९५१ मध्ये याचे तीन प्रकार सांगितले, ते आजही चालतात: एक, झाड मावाला आवडतच नाही, तो बसला तरी उठून जातो. दुसरा, बसतो, रस पितो पण पिल्लं कमी होतात, लवकर मरतात. तिसरा म्हणजे मावा भरपूर पण झाड सोसतं आणि दाणा देतं. हा तिसरा प्रकार दाण्याला बरा, पण वैरण चिकट व्हायची ती होतेच, म्हणजे म्हशीवाल्याला त्याचा निम्माच उपयोग (हे माझं मत).

२०१३ मध्ये अमेरिकेत टेक्सासकडं उसावरचा म्हणून ओळखला जाणारा मावा ज्वारीवर तुटून पडला, तेव्हा प्रतिकारक वाणांची शोधाशोध झाली. त्याच वर्षी हेनाँग १६ या चिनी वाणातलं आरएमईएस-१ हे जनुक सहाव्या गुणसूत्रावर सापडल्याचं छापून आलं. ते प्रभावी आहे, म्हणजे संकरात एका बाजूनं आलं तरी काम करतं, आणि मावाची पिल्लावळ कमी करतं.

पण एकाच जनुकावर विसंबणं धोक्याचं. तिकडंच 'ग्रीनबग' नावाचा दुसरा मावा १९६८ ला ज्वारीवर आला, त्याला पुरणारे संकरित वाण आले, आणि १९८० ला मावानंच नवीन जात काढली जी त्या वाणांना जुमानेना! किडीची पिढी आठवडाभरात होते, आपलं वाण तयार व्हायला वर्षं जातात, मग दुसरं काय होणार.

म्हणून वाणाच्या जोडीला मित्रकिडी, म्हणजे मावा खाणारे किडे, जपाव्या लागतात. २००२ ला सांगली-कोल्हापूर पट्ट्यात उसावर लोकरी मावा आला तेव्हा डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींनीच तो आवरायला मोठी मदत केली, हे इथल्या जुन्या ऊसवाल्यांना माहीत आहे. शाळवात तेच काम ढालकिडा करतो. आणि युरिया जास्त टाकून पान लुसलुशीत केलं की मावाला आयतंच फावतं, मग वाण कितीपण चांगलं असू दे.