आर्टेमेथर : त्वचेतील माइटवरील प्रयोगशाळा चाचणी

हिवतापावरचे आर्टेमेथर हे औषध त्वचेत राहणाऱ्या माइटना मारते का, हे काचपट्टीवर तपासण्याची पद्धत. माइट हे कोळी-गोचिडीच्या कुळातले सूक्ष्म जीव. सार्कॉप्टिस स्कॅबियायमुळे माणसाला खरूज होते, तर डेमोडेक्स केसांच्या मुळाशी राहतो. कुत्र्याच्या अंगावर यांपैकी कोणताही माजला की लूत लागते.

औषधाचे कूळ कोल्हापूरकरांना परके नाही. चैत्र यात्रेत वाडी रत्नागिरीच्या जोतिबाला वाहतात तो दवणा आर्टेमिसिया याच प्रजातीतला. औषध मात्र आर्टेमिसिया ॲनुआ या दुसऱ्या जातीपासून निघते, त्यामुळे दवणा चोळून खरूज जाईल असे कोणी समजू नये. या वनस्पतीतले आर्टेमिसिनिन 1972 मध्ये चीनमध्ये तू यूयू यांच्या गटाने वेगळे केले. आर्टेमेथर हे त्याचेच मेदात विरघळणारे रूप. 2015 च्या वैद्यकाच्या नोबेलचा अर्धा वाटा तू यांना मिळाला आणि उरलेला अर्धा ॲव्हरमेक्टिनच्या शोधाला. खरजेवर आज दिले जाणारे आयव्हरमेक्टिन त्या ॲव्हरमेक्टिनपासूनच तयार झाले.

खरी अडचण क्रियेची आहे. हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीतले हिमोग्लोबिन पचवतो. त्यातून सुटलेल्या हीममधील (हिमोग्लोबिनचा लोहयुक्त भाग) लोहामुळे औषधातला पेरॉक्साइड बंध (दोन ऑक्सिजन अणूंमधला जोड) तुटतो आणि परजीवी मरतो. हे दोन माइट रक्तावर जगत नाहीत; डेमोडेक्सचे पोट पेशींतील द्रव आणि त्वचेच्या तेलावर भरते. म्हणून हिवतापातले यश इथे गृहीत धरता येत नाही.

कोल्हापुरातल्या एखाद्या फार्मसी महाविद्यालयाला ही चाचणी करायची तर लूत लागलेला कुत्रा आणि पशुवैद्य जवळच सापडतील. नीतिसमितीची परवानगी मात्र आधी हवी. डेमोडेक्ससाठी कातडी चिमटीत दाबून, बोथट पात्याने रक्त किंचित पाझरेपर्यंत खरवडतात. खरवड पातळ पॅराफिन तेलाच्या थेंबात पसरली की सूक्ष्मदर्शकाखाली विडीच्या थोटकासारखा लांबट जीव दिसतो, पुढच्या भागात आखूड पायांच्या चार जोड्या. पाय हलत असलेले माइटच निवडायचे, औषधाचा थेंब सोडायचा आणि हालचाल थांबेपर्यंतचा वेळ मोजायचा.

फसगत होते ती द्रावकात. आर्टेमेथर पाण्यात जवळपास विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळते. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात डेमोडेक्स 75 टक्के अल्कोहोलमध्ये 150 मिनिटांहून अधिक जगले, शुद्ध अल्कोहोलमध्ये मात्र 15 मिनिटांच्या आत मेले. म्हणजे औषध शुद्ध अल्कोहोलमध्ये कालवले तर किडा मारण्याचे श्रेय कोणाचे? यासाठी नुसत्या द्रावकाची पट्टी शेजारी ठेवावीच लागते. जोडीला काहीच न घातलेली एक आणि पर्मेथ्रिनसारख्या खरजेवरच्या ठाऊक औषधाची एक. हवेचाही परिणाम होतो: अंगाबाहेर पडलेला सार्कॉप्टिस गार, दमट हवेत जास्त टिकतो, त्यामुळे कोल्हापूरच्या जुलैतले आकडे एप्रिलच्या आकड्यांशी जुळणार नाहीत. तापमान आणि आर्द्रता बांधून ठेवणारी पेटी नसेल तर प्रयोग न केलेला बरा.

हे माइट यजमानाशिवाय, म्हणजे ज्या प्राण्याच्या अंगावर जगतात त्याच्याशिवाय, पिढ्यान्‌पिढ्या वाढवता येत नाहीत, म्हणून दर वेळी ताजी खरवड लागते आणि नमुना लहानच राहतो. अंड्यांची तपासणी वेगळी करावी लागते, कारण माइट मारणारे औषध अंडी मारेलच असे नाही. शिवाय पट्टीवरचा माइट उघडा असतो. अंगावर सार्कॉप्टिसची मादी त्वचेच्या शृंगस्तरात (सर्वांत वरच्या मृत थरात) बोगदा करून राहते, डेमोडेक्स केसाच्या मुळाशी दडलेला असतो. तिथवर मलम किती झिरपते हे या चाचणीत कळत नाही, त्यासाठी त्वचेतून औषध पार होण्याची स्वतंत्र चाचणी करतात.