नाझिया हसनच्या शोकामागची वीस वर्षे

१३ ऑगस्ट २००० रोजी लंडनमध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाने पाकिस्तानी पॉप गायिका नाझिया हसनचे निधन झाले, तेव्हा ती अवघी ३५ वर्षांची होती. ही बातमी कळल्यावर माझी एक मैत्रीण दोन दिवस कोणाशी धड बोलली नाही. नाझियाचा शेवटचा अल्बम येऊन तोवर आठ वर्षे उलटली होती आणि आमच्या बोलण्यात तिचे नाव क्वचितच निघत असे, त्यामुळे मैत्रिणीला एवढे दुःख कशाचे झाले, हे मला उमगले नव्हते. ते समजून घ्यायचे तर १९८० सालापर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षी फिरोज खान यांचा ‘कुर्बानी’ प्रदर्शित झाला. चित्रपटाचे संगीत कल्याणजी-आनंदजी यांचे होते; मात्र झीनत अमान यांच्यावर चित्रित झालेले ‘आप जैसा कोई’ हे एक गाणे बिद्दू यांनी केले होते. मूळचे बंगळूरचे बिद्दू तोवर इंग्लंडमध्ये डिस्को संगीताचे निर्माते म्हणून नावाजलेले होते. गाणारी मुलगी कराचीत जन्मलेली, लंडनमध्ये वाढलेली आणि पंधरा वर्षांची होती. पडद्यावरची नायिका कोणत्याही वयाची असली तरी तिचा आवाज बहुधा लता मंगेशकर किंवा आशा भोसले यांचा असायचा, आणि त्या तयारीच्या, कसलेल्या गाण्याची सवय जडलेल्या कानांवर हा किंचित नाकातला, हरकती-मुरक्या नसलेला, शाळकरी वयाचा आवाज पडला. माझ्या मते त्या गाण्याचे खरे नवेपण ठेक्यापेक्षा या आवाजात होते. १९८१ मध्ये या गाण्यासाठी तिला सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

माझी मैत्रीणही तेव्हा पंधरा वर्षांचीच होती. आपल्या वयाची मुलगी आपल्यासारख्याच आवाजात गाते आणि लोक ते ऐकतात, ही गोष्ट तिच्या मनात कायमची बसली. १९८१ मध्येच नाझिया आणि तिचा धाकटा भाऊ झोहेब यांचा ‘डिस्को दीवाने’ हा बिगरफिल्मी अल्बम आला. टेपरेकॉर्डर घरोघरी पोहोचू लागण्याचे ते दिवस होते. विकतची कॅसेट परवडत नसे, म्हणून दुकानात कोरी कॅसेट देऊन गाणी भरून घेतली जात; मैत्रिणीकडे होती तीही अशीच भरून घेतलेली. पुढे १९८४ मध्ये ‘यंग तरंग’, १९८७ मध्ये ‘हॉटलाइन’ आणि १९९२ मध्ये ‘कॅमेरा कॅमेरा’ हे अल्बम आले. पाकिस्तानात झिया-उल-हक यांच्या राजवटीत सरकारी दूरचित्रवाणीवर अशा संगीताला फारशी मोकळीक नव्हती. तरीही तिथल्या पॉप संगीताची वाट बऱ्याच अंशी या दोन भावंडांनीच घातली.

त्यानंतर नाझियाने गाणे जवळजवळ सोडले. ती कायद्याची पदवीधर होती, संयुक्त राष्ट्रांसाठी तिने काम केले आणि सामाजिक कामातही ती रमली. आपल्याकडे स्वतंत्र पॉप अल्बमांची लाट आली, ती यानंतर. त्या लाटेतला १९९५ चा ‘मेड इन इंडिया’ बिद्दू यांनीच घडवलेला होता. तो ऐकताना नाझियाची आठवण येते, असे मैत्रीण म्हणायची, आणि मी ते हसण्यावारी न्यायचो. माझे चुकले होते, कारण ज्या वाटेवरून ती गाणी आली, ती वाट खरोखरच पंधरा वर्षांपूर्वी नाझियाच्या आवाजाने मोकळी करून दिलेली होती.

निधनाची बातमी आली तेव्हा कारगिलच्या युद्धाला जेमतेम वर्ष झाले होते. पाकिस्तानी गायिकेसाठी डोळ्यांत पाणी कशाला, असे मैत्रिणीला घरातच ऐकावे लागले. कराचीची मुलगी, बंगळूरचा संगीतकार आणि मुंबईचा चित्रपट यांतून जन्मलेल्या त्या गाण्याला एकच देश चिकटवणे मला तेव्हाही पटले नाही, आजही पटत नाही. नाझियाला लंडनमधल्या हेंडन येथील दफनभूमीत मूठमाती देण्यात आली. त्या आठवड्यात एका संध्याकाळी मैत्रिणीने मला बोलावून घेतले, एकोणीस वर्षांपूर्वीची ती कॅसेट लावली आणि दोन्ही बाजू संपेपर्यंत आम्ही ऐकत बसलो.