पार्श्वभूमी : ‘मिनिट’ आलं कुठून?

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असला, म्हणजे मावळतीची किरणं देवीपर्यंत पोचायचे दिवस असले, की संध्याकाळी लोक एकदा किरणांकडे बघतात आणि एकदा घड्याळाकडे. गरुड मंडप, कासव चौक, पितळी उंबरा, मग देवीचे चरण... किरण कुठं किती वाजता पोचलं ते दुसऱ्या दिवशी पेपरात मिनिटासकट छापून येतं. एखादा ढग आडवा आला तर तेवढ्या चार मिनिटांत त्या दिवसाचा योग हुकतो.

हा शब्द मुळात वेळेचा नव्हताच. लॅटिनमध्ये ‘मिनुता’ म्हणजे बारीक केलेलं. बाबिलोनी लोकांची मोजणी साठाची; तीच धरून टॉलेमी या प्राचीन खगोलशास्त्रज्ञानं वर्तुळाच्या अंशाचे साठ भाग केले आणि त्या प्रत्येकाचे पुन्हा साठ. लॅटिनमध्ये पहिल्याला ‘पार्स मिनुता प्रिमा’, म्हणजे पहिला बारीक भाग, आणि दुसऱ्याला ‘पार्स मिनुता सेकुंदा’ म्हणू लागले. एकातून मिनिट निघालं, दुसऱ्यातून सेकंद. सेकंद म्हणजे नुसतंच ‘दुसरा’! कोनाची ही वाटणी पुढं तासाला लागली. आपल्या ज्योतिषातले अंश, कला, विकला हेही साठाच्याच हिशोबाचे.

तरी घड्याळावर मिनिटकाटा भरवशाचा व्हायला १६५६ साल उजाडावं लागलं. हॉयगेन्स या डच शास्त्रज्ञानं लंबकाचं घड्याळ केलं, त्यानंतर मिनिटं खरी मोजता येऊ लागली.

इंग्रजीत तेच स्पेलिंग ‘मायन्यूट’ असं उच्चारलं की अर्थ होतो अतिसूक्ष्म. सभेचे ‘मिनिट्स’ही याच मुळाचे. आपल्या दूध संस्थांच्या विषयपत्रिकेवर पहिलाच विषय असतो, ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. बोलताना मात्र सगळे त्याला प्रोसिडिंगच म्हणतात.

मिनिट येण्याआधी आपल्याकडं घटका होती, २४ मिनिटांची, आणि तिचा साठावा भाग पळ. पाण्यावर तरंगणारं, बुडाला बारीक भोक असलेलं तांब्याचं पात्र भरून बुडालं की एक घटका झाली. ‘त्याची घटका भरली’ हे आपण म्हणतो ते त्या पात्रावरूनच. मला हा शब्द मिनिटापेक्षा जिवंत वाटतो, कारण त्यात पाणी भरताना दिसतं.

कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ मध्ये, आणि गाडी काही घटकेवर सुटत नाही. १९०६ पासून साडेब्याऐंशी रेखांशाची भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. कोल्हापूर त्या रेषेच्या सव्वाआठ अंश पश्चिमेला आहे आणि एका अंशाला चार मिनिटं जातात, म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या सुमारे ३३ मिनिटं मागं. इथं माथ्यावरची खरी दुपार सरासरीनं १२ वाजून ३३ मिनिटांनी होते. लग्नपत्रिकेवर ‘दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांनी’ असा मुहूर्त दिसला, तर तो कोल्हापूरच्या मध्यान्हीला लागूनच असतो.