गॅस कुठल्या बाजूने येतो?

पुण्या-मुंबईत ज्यांच्याकडे पाईप गॅस आलाय त्यांची सिलेंडरचा नंबर लावायची कटकट गेली, बटण फिरवलं की ज्योत. तो गॅस मागे कुठून येतो हे कोणी बघत नाही. युरोपातल्या लिथुआनियात मात्र 2014 पर्यंत अख्ख्या देशाला हाच घोर होता. गॅस यायचा तो बेलारूसमार्गे रशियातून, लॅटव्हियाशी पाईप जोडलेला होता पण तिकडेही गॅस रशियाचाच. 2009 संपता संपता इग्नालिनाचा अणुवीज प्रकल्प बंद झाला (युरोपियन युनियनमध्ये जायची ती अट होती) आणि विजेसाठीपण गॅसवर भार वाढला. विकणारी कंपनी एकच, रशियाची गॅझप्रॉम, आणि लिथुआनियाच्या गॅस कंपनीत सुमारे 37 टक्के हिस्सापण तिचाच. भाव कोण ठरवणार ते उघड आहे.

म्हणून 2013 मध्ये त्यांनी मोठ्या पाईपलाईन वेगळ्या काढून अंबर ग्रिड नावाची कंपनी केली. तिचं काम गॅस विकायचं नाही, फक्त वाहून न्यायचा, कोणाचाही असो. हे कागदावरचं झालं, पण मला खरी गंमत वाटते ती पाईपाची.

मोठ्या लाईनमध्ये गॅस 50 बारच्या आसपास दाबाने असतो, म्हणजे हवेच्या दाबाच्या पन्नासपट, आणि आपल्या शेगडीपाशी येईपर्यंत तो 20-21 मिलीबारवर उतरवलेला असतो. गॅस दाबाच्या फरकाने पुढे सरकतो, पाईपाला घासून दाब कमी होत जातो, मग मध्ये कॉम्प्रेसर स्टेशन लावून परत वाढवायचा. पाईप स्वतःच थोडाफार साठापण असतो, रात्री जास्त दाबाने भरून ठेवला की सकाळी सगळ्यांनी एकदम हीटर लावले तरी निभतं. कंट्रोल रूमवाल्यांचा दिवस हा दाब सांभाळण्यातच जातो.

आता अडचण बघा. गॅस पूर्वेकडून यायचा, त्यामुळे पश्चिमेला समुद्रकाठचं क्लायपेडा म्हणजे नळाच्या लाईनीवरचं शेवटचं घर. आणि नवीन गॅस येणार होता नेमका तिथूनच, समुद्रातून, जहाजाने! शेपटाचं तोंड करायचं तर मीटर दोन्ही बाजूंनी मोजणारे हवेत, व्हॉल्व्ह आणि कॉम्प्रेसरची जोडणी उलट दिशेने चालली पाहिजे, आणि शेवटच्या टोकाचा पाईप एवढा गॅस ओढू शकला पाहिजे. म्हणून क्लायपेडा ते कुर्शेनाई अशी सुमारे 110 किलोमीटरची दुसरी लाईन टाकली, ती 2015 मध्ये पूर्ण झाली.

गॅस आणायला जहाज आलं, 27 ऑक्टोबर 2014 ला, नाव 'इंडिपेन्डन्स'. कोरियात बांधलेलं, नॉर्वेच्या हॉग कंपनीकडून भाड्याने घेतलेलं, पोटात 1 लाख 70 हजार घनमीटर द्रवरूप गॅस मावतो. मिथेन (हा गॅस म्हणजे मुख्यतः तोच) उणे 162 अंशांपर्यंत थंड केला की द्रव होतो आणि सुमारे 600 पट कमी जागेत बसतो, जहाजावरच त्याला ऊब देऊन परत गॅस करायचा आणि पाईपात सोडायचा. (याच कंपनीचं असंच एक जहाज 2021 मध्ये आपल्या रत्नागिरीच्या जयगडला आलं होतं, पण ते टिकलं नाही, याची मला अजून हळहळ वाटते.) आणि जहाज धक्क्याला लागायच्या आधीच, 2014 च्या मे महिन्यात, गॅझप्रॉमने लिथुआनियासाठी भाव बराच खाली आणला. एक थेंब गॅस उतरला नव्हता अजून. दुसरी वाट होणार हे दिसलं एवढंच पुरलं.

रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि एप्रिल 2022 मध्ये लिथुआनियाने स्वतःच्या वापरासाठी रशियन गॅस घेणं बंद केलं. महिन्याभरात, 1 मे ला, पोलंडला जोडणारी 508 किलोमीटरची पाईपलाईन सुरू झाली, तीपण दोन्ही दिशांना चालणारी. स्वतःचा भूमिगत साठा त्यांच्याकडे नाहीये, त्यासाठी लॅटव्हियातल्या इंचुकाल्न्सच्या खडकातली साठवण वापरतात. भाड्याचं जहाजपण 2024 अखेर विकत घेऊन टाकलं.

एक गोष्ट मात्र लोकांना सांगितली की विश्वास बसत नाही. पलीकडे कॅलिनिनग्राड आहे, रशियाचाच पण बाकी रशियापासून तुटलेला तुकडा, आणि त्याला पाईपाने जाणारा गॅस लिथुआनियातूनच जातो. स्वतः रशियन गॅस बंद केल्यावरही अंबर ग्रिडने तो गॅस आपल्या पाईपातून पुढे जाऊ दिला, सीमेवर मोजून आत घ्यायचा आणि दुसऱ्या सीमेवर मोजून तेवढाच बाहेर सोडायचा.